जंबूकाका: पुण्यात जन्मलेला, पुण्याने विसरलेला कोल्हा

९ जून १९३४ रोजी अमेरिकेत वॉल्ट डिस्नेचा 'द वाइज लिटल हेन' हा छोटा कार्टूनपट प्रदर्शित झाला. एका कोंबडीला मका पेरायला मदत हवी असते. ती शेजाऱ्यांच्या दारात जाते. त्या शेजाऱ्यांत खलाशाचा सदरा घातलेले एक बदक आहे आणि कामाचे नाव काढले की त्याचे पोट दुखू लागते. डोनाल्ड डक जगासमोर आला तो असा, दुसऱ्याच्या गोष्टीतले दुय्यम पात्र म्हणून.

दोन आठवड्यांनी, २३ जूनला, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जी यांचा 'द पी ब्रदर्स' पडद्यावर आणला. भारतातल्या चित्रपटगृहात लागलेला पहिला अ‍ॅनिमेशनपट म्हणून त्याची नोंद केली जाते. आणि त्याच वर्षी पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीत, रघुनाथ केळकर यांनी एका कोल्ह्याला पडद्यावर चालते केले. त्याचे नाव जंबूकाका.

एकाच वर्षी जन्मलेल्या बदकाचे आणि कोल्ह्याचे पुढचे आयुष्य मात्र अगदी वेगळे झाले. आज पुण्याच्या पूर्वेला वाघोलीतल्या एखाद्या सोसायटीच्या बागेत खेळणाऱ्या मुलांना विचारा. डोनाल्ड त्यांना ठाऊक असतो, छोटा भीम तर घरचाच असतो. जंबूकाकांचे जन्मस्थान त्यांच्यापासून तास-दीड तासाच्या बसप्रवासावर आहे, पण हे नाव त्यांच्या आजी-आजोबांच्याही कानावर आलेले नसते.

असे का झाले, याचे उत्तर बदक आणि कोल्हा यांच्या गुणांची तुलना करून मिळत नाही. ते मिळते त्यांच्या दुसऱ्या चित्रपटात. डोनाल्डला दोन महिन्यांतच 'ऑर्फन्स बेनिफिट'मध्ये पुन्हा संधी मिळाली आणि पुढे त्याचे शंभरावर चित्रपट निघाले. जंबूकाकांची अशी मालिका झालीच नाही. हे प्रकरण त्या न निघालेल्या दुसऱ्या चित्रपटाविषयी आहे.

वाटाण्याचे रोप आणि आगकाड्या

अ‍ॅनिमेशनची युक्ती महाराष्ट्रात १९३४च्या कितीतरी आधी येऊन पोचली होती, आणि ती आणली दादासाहेब फाळके यांनी. 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी, १९१२च्या सुमारास, त्यांना भांडवल उभे करायचे होते. चलच्चित्र म्हणजे काय, हे पैसे देणाऱ्याला पटवायचे कसे? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडे थोडे चित्रीकरण केले. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. बी फुटले, कोंब वर आला, वेल झाला. फाळक्यांना भांडवल मिळाले ते या वाटाण्यामुळे.

या प्रयोगाच्या मुळाशी साधी गोष्ट आहे. कॅमेरा सलग चालवायलाच हवा असे नाही. एक चित्र घ्यायचे, थांबायचे, समोरच्या वस्तूत थोडा बदल करायचा, मग दुसरे चित्र घ्यायचे. पडद्यावर ही चित्रे एकामागोमाग दिसली की वस्तू आपली आपण हलल्यासारखी वाटते. हेच तंत्र वापरून फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' काढला. त्यात नटनट्यांऐवजी काडेपेटीतल्या काड्या होत्या. पहिल्या महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई झालेली होती आणि लांब चित्रपट काढणे परवडत नव्हते. त्या काळात फाळक्यांनी छोट्या प्रयोगपटांकडे मोहरा वळवला, आणि 'विचित्र शिल्प' हाही त्यांपैकीच. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच काड्यांचा असा खेळ पडद्यावर आणला होता. फाळक्यांनी तोच खेळ आपल्या हिमतीवर, आपल्या कॅमेऱ्यावर उभा केला.

पण हलणारी काडी आणि पात्र यांत मोठे अंतर आहे. काडी हलली की आपण चकित होतो. पात्र हलते तेव्हा त्याच्या मनात काय आहे, हे आपल्याला कळू लागते. १९१४ मध्ये विन्सर मॅके या अमेरिकी चित्रकाराने 'गर्टी' नावाची डायनोसॉर काढली. ती लाजायची, हट्ट करायची, रागावले की रडायची. १९१९ मध्ये फेलिक्स मांजर आले आणि पाठीमागे हात बांधून विचार करत येरझाऱ्या घालणे ही त्याची ओळख झाली. १९२८च्या नोव्हेंबरात 'स्टीमबोट विली'मधून मिकी माऊस शिट्टी वाजवत आला तेव्हा पात्राला आवाजही मिळाला होता. भारतात बोलपट सुरू झाले ते १९३१ मध्ये 'आलम आरा'पासून, आणि पुढच्याच वर्षी प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट दिला. म्हणजे १९३४ साली बोलके कार्टून ही जगातही अवघी पाच-सहा वर्षांची कला होती. पुणे त्यात फार मागे नव्हते.

चित्रकारांची कंपनी

जंबूकाका प्रभातमध्ये जन्मावेत, हे साहजिक होते. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी ही कंपनी स्थापन केली. दामले, फत्तेलाल आणि शांताराम हे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले होते. त्या कंपनीत सिनेमा आणि चित्रकला वेगळ्या नव्हत्या. ज्या हाताने पडदे रंगवायचे त्याच हाताने वेशभूषा, पोस्टर, नेपथ्य आणि कधी यंत्राचे सुटे भागही करायचे. फत्तेलाल मुळात चित्रकार होते. दामले यांचा हात चित्रकलेत, यंत्रात, छायालेखनात आणि ध्वनीतही सारखाच चालत असे.

१९३३ मध्ये प्रभात पुण्यात आली आणि एरंडवण्याच्या माळावर तिचा स्टुडिओ उभा राहिला. आज तिथे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे आणि शेजारच्या रस्त्याला प्रभात रोड म्हणतात. ही कंपनी नव्या प्रयोगांना घाबरत नव्हती. त्याच वर्षी तिने 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी त्याचे काम जर्मनीत नेऊन करवले. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण प्रयोग झाला. पुण्यात आल्यावर 'अमृतमंथन' आला. त्यात चंद्रमोहन या नटाच्या डोळ्यांचे टेलिफोटो लेन्सने घेतलेले जवळचे चित्र पाहून प्रेक्षक थरारले. मुंबईत त्या चित्रपटाने रौप्यमहोत्सव केला. काम जोरात, पैसा येतो आहे, हाताशी चित्रकार आहेत, मालक स्वतः कलावंत आहेत: अशा वातावरणात एखाद्याला कार्टूनपट काढावासा वाटला, तर त्याला वेड्यात कोण काढणार?

केळकरांनी कोल्हा निवडला, यातही मोठे शहाणपण होते. जंबूक म्हणजे कोल्हा, आणि या प्राण्याची ओळख मराठी ऐकणाऱ्याला कुणी करून द्यावी लागत नाही. पंचतंत्रात करटक आणि दमनक हे दोन कोल्हे सिंहाच्या दरबारात राजकारण करतात. निळीच्या पिंपात पडून रंगलेला कोल्हा राजा होतो आणि इतर कोल्ह्यांची कुई ऐकून स्वतःही कुई करतो, तेव्हा उघडा पडतो. आपल्या बालकथांत त्याला कोल्होबा म्हणतात. त्या काळी पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या पुढे शिरूरच्या बाजूला पसरलेल्या माळांवर आणि उसाच्या फडांत कोल्हा हा रोजच्या ओळखीचा प्राणी होता. शिवाय मराठी घरात प्राणी नुसते प्राणी राहत नाहीत. चिऊ ताई होते, मांजर मावशी होते. कोल्ह्याला काका करून केळकरांनी त्याला घरात घेतले. डिस्नेच्या बदकाला खलाशाचा सदरा घातल्यावर जे साधले, तेच इथे नात्याने साधले: प्राणी पाहताक्षणी कुणीतरी झाला.

एका मिनिटाला ७२० चित्रे

एवढे सगळे जुळून आले असताना मालिका का झाली नाही? त्यासाठी कार्टूनपटाचे गणित पाहावे लागते.

बोलपटात पडद्यावरून सेकंदाला २४ चित्रे जातात. म्हणजे मिनिटाला १,४४०. प्रत्येक चित्र दोनदा घेतले तरी चालते, डोळ्याला कळत नाही. तरीही मिनिटाला ७२० वेगवेगळी चित्रे लागतात. पाच मिनिटांच्या कार्टूनपटाला ३,६०० चित्रे झाली. प्रत्येक चित्र आधी पेन्सिलीने कागदावर काढायचे. मग ते पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर शाईने गिरवायचे. पत्रा उलटा करून मागच्या बाजूने रंग भरायचा. हा पत्रा रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवायचा, वर काच दाबायची आणि उभ्या टांगलेल्या कॅमेऱ्याने एक-दोन फ्रेम घ्यायच्या. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि फक्त हलणारे पात्र पत्र्यावर काढायचे, ही सोय अमेरिकेत १९१४-१५च्या सुमारास निघाली. तिच्यामुळे काम खूप वाचले, पण हातांची गरज काही संपली नाही.

समजा, एका छोट्या चमूने दिवसाला २० चित्रे पूर्ण केली. पाच मिनिटांसाठी १८० दिवस लागतील. सहा महिने राबून हाती येते ती ४५० फूट फिल्म, कारण बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट सरकते. तेवढ्याच महिन्यांत प्रभातसारखी कंपनी दोन-अडीच तासांचा चित्रपट, तोही मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत, उभा करू शकत होती. त्या चित्रपटाच्या नावावर तिकिटे विकली जात. कार्टूनपटाच्या नावावर तिकीट काढणारा प्रेक्षक नव्हता. तो मुख्य चित्रपटाआधी दाखवायचा आणि त्याचा खर्च मुख्य चित्रपटाने सोसायचा.

डिस्नेकडे १९३०च्या दशकात शेकडो माणसे होती आणि कामाची वाटणी बारीक होती. गोष्ट रचणारे वेगळे, मुख्य हालचाल काढणारे वेगळे, मधली चित्रे भरणारे वेगळे, शाई आणि रंगाचे खाते वेगळे. त्यांचा चित्रपट अमेरिकेतल्या हजारो थिएटरांत लागायचा आणि खर्च तिथेच वसूल व्हायचा. मग तो परदेशांत स्वस्तात देता यायचा. मुंबई-पुण्याच्या थिएटरवाल्याला मिकी भाड्याने आणणे सोपे होते. पुण्यात काढलेला कोल्हा मात्र एका मराठी-हिंदी बाजारातून सगळा खर्च काढू पाहत होता, आणि तोही परदेशातून आणलेल्या कच्च्या फिल्मवर. भारतात कच्च्या फिल्मचा मोठा कारखाना उटीला निघाला तो १९६०च्या दशकात.

जागाच गेली

तरीही धडपड थांबली नव्हती. १९३५ मध्ये मोहन भवनानी यांनी 'लफंगा लंगूर' काढला. १९३९ मध्ये जी. के. गोखले यांनी 'सुपरमॅन्स मिथ' केला. एकेकटी माणसे, एकेक प्रयत्न. हे प्रयत्न एकमेकांना जोडणारी एखादी शाळा किंवा एखादे कायमचे खाते तेव्हा नव्हते. एकाने शिकलेले दुसऱ्याकडे जात नव्हते आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत होती.

मग दुसरे महायुद्ध आले. कच्ची फिल्म पुन्हा दुर्मिळ झाली. सरकारने नियंत्रण आणले आणि चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित केली. परवान्यावर मिळणारी फिल्म कुणी कोल्ह्यावर खर्च करणार नव्हते. १९४३ मध्ये युद्धप्रचाराचे सरकारी माहितीपट दाखवणे थिएटरांना बंधनकारक झाले. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली, आणि मुख्य चित्रपटाआधी तिचे वार्तापट व माहितीपट दाखवण्याची सक्ती पुढे कित्येक वर्षे चालली. माझ्या मते जंबूकाकांच्या विस्मरणाचे मोठे कारण इथे आहे. कार्टून जिथे वाढू शकले असते ती थिएटरातली दहा-पंधरा मिनिटांची जागाच सरकारी चित्रपटांनी व्यापली. खासगी कंपनीला छोटा चित्रपट काढण्यात काही अर्थ उरला नाही.

प्रभातचीही घडी विस्कटली. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले आणि १९५३ मध्ये कंपनी बंद झाली.

अ‍ॅनिमेशन परत आले ते सरकारच्याच दारातून. १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. 'बँबी' आणि 'पीटर पॅन'वर काम केलेले डिस्नेचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. जातककथेवरचा 'द बनियन डिअर' १९५७ मध्ये तयार झाला. 'सुपरमॅन्स मिथ'चे गोखले या विभागात होते आणि पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे पितामह म्हणून ओळखले गेलेले राम मोहन याच विभागात घडले. आता शाळा मिळाली होती. पण या शाळेला विषय नेमून दिलेले होते: बचत, कुटुंबनियोजन, आरोग्य, एकात्मता. संदेश सांगून झाला की पात्राचे काम संपत असे. यातून सुंदर चित्रपट निघाले. विजया मुळे यांचा १९७४चा 'एक अनेक और एकता' अजून लोकांच्या तोंडी आहे. पण लोकांना त्यातले गाणे आठवते, एखादे नाव असलेले पात्र आठवत नाही. पुन्हा पुन्हा भेटणारे भारतीय कार्टून पात्र घरोघरी रुजले ते दूरचित्रवाणीवर, कारण दूरचित्रवाणीला दर आठवड्याला नवा भाग लागतो. २००८ मध्ये 'छोटा भीम' आला आणि जंबूकाकांना न मिळालेली गोष्ट त्याला मिळाली. त्याचा पुढचा भाग निघणे हीच त्याच्या मालकांची गरज होती.

पहिला चित्रपट एखाद्या कलावंताच्या ध्यासातून निघू शकतो. दुसरा, तिसरा, शंभरावा निघण्यासाठी बाजार, शाळा आणि पडद्यावरची राखीव जागा लागते. १९३४च्या पुण्यात ध्यास होता, हातात कला होती, गोष्टींचा साठा तर दोन हजार वर्षांचा होता. नव्हती ती ही दुसरी बाजू.

फिल्म जळते आणि विरतेही

पात्राचा दुसरा चित्रपट निघाला नाही, तर पहिल्यावर सगळी मदार येते. आणि त्या काळची फिल्म भरवशाची नव्हती. १९५०पर्यंतच्या ३५ मिलिमीटर फिल्मचा पाया नायट्रोसेल्युलोजचा असे. बंदुकीच्या स्फोटक कापसाचा हा जवळचा भाऊ. एकदा पेटला की स्वतःच ऑक्सिजन तयार करतो आणि पाण्याखालीही जळत राहतो. पेटला नाही तरी विरतो. आधी चित्र पिवळे पडते, मग थर चिकट होतो, फुगे येतात, गुंडाळीचा गठ्ठा होतो आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. उष्णता आणि दमट हवा हे सगळे वेगाने घडवतात. ज्या फिल्म यातून वाचल्या त्यांतल्या अनेक चांदीसाठी गेल्या. जुन्या फिल्ममधली चांदी काढून विकणे हा भंगारवाल्यांचा व्यवसाय होता. 'आलम आरा'सारख्या ऐतिहासिक बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही, मग चार-पाच मिनिटांच्या कार्टूनची पर्वा कोण करणार होते?

जे वाचले ते माणसांनी वाचवले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, निर्मात्यांच्या वारसांना भेटून डबे गोळा केले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन'चे भाग आपल्याला दिसतात ते या कामामुळे. प्रभातचे मोठे चित्रपट दामले कुटुंबाने जपले, म्हणून 'संत तुकाराम' आजही पाहता येतो. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांच्या मूळ फिल्म जळाल्या. त्यांत प्रभातच्याही होत्या. मोठ्या चित्रपटांच्या प्रती इतरत्र असतात. छोट्या चित्रपटाला तो आधार नसतो.

शोध अजून संपलेला नाही

तरीही हरवलेली कार्टून सापडतात. जपानच्या सर्वांत जुन्या अ‍ॅनिमेशनपटांपैकी एक, १९१७चा 'नामाकुरा गाताना', नव्वद वर्षांनी ओसाकाच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळाला. मिकीच्या आधी डिस्नेने काढलेला ऑस्वाल्ड ससा १९२८ मध्ये त्यांच्या हातून गेला आणि विस्मरणात पडला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याचे हरवलेले चित्रपट एकेक करून पुढे आले: एक इंग्लंडच्या खासगी संग्रहात, एक नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, एक जपानमध्ये, एका गृहस्थांनी शाळकरी वयात विकत घेऊन ठेवलेल्या फिल्ममध्ये. जिथे बनले तिथे नव्हे, तर जिथे कुणी फेकायचे विसरले तिथे हे चित्रपट टिकले.

महाराष्ट्रात अशा जागा कमी नाहीत. फिरत्या तंबूत सिनेमा दाखवणारे टूरिंग टॉकीजवाले होते, तालुक्याच्या गावी जुनी थिएटरे होती, फिल्म वाटपाच्या कचेऱ्या होत्या, हौसेने प्रोजेक्टर बाळगणारी घरे होती. नगर रस्त्यावर वाघोलीपासून शिरूरपर्यंत जुने वाडे पाडून इमारती उठत आहेत, आणि माळ्यावरचे सामान एका दिवसात टेम्पोत भरले जाते. त्यात चपटा, गोल, गंजलेला पत्र्याचा डबा निघाला, तर तो भंगारात देऊ नका. उन्हात उघडू नका, जवळ आग नको, प्रोजेक्टरवर चालवून पाहू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा. फिल्म नसली तरी १९३४-३५ची प्रभातची पुस्तिका, थिएटरची जाहिरात, एखाद्या घरात राहिलेले कोल्ह्याचे रेखाटन यांचीही किंमत मोठी आहे. एका चित्रावरूनही पात्राची ठेवण कळते, आणि ठेवण कळली की आजचा चित्रकार त्याला पुन्हा चालवू शकतो.

जंबूकाकांचा दुसरा चित्रपट निघण्यासाठी १९३४ साली ज्या गोष्टी नव्हत्या, त्या आज पुण्यात आहेत. अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या संस्था आहेत, संगणकावर एकट्याने चित्रपट पूर्ण करणारी मुले आहेत, थिएटरच्या परवानगीशिवाय तो लोकांपर्यंत नेण्याची सोय आहे. कोल्ह्याच्या गोष्टी तर आपल्याकडे आधीपासून आहेत. या मुलांना त्यांच्या पहिल्या पूर्वजाची ओळख अभ्यासक्रमातच करून दिली पाहिजे. आपल्याच शहरात, याच कामासाठी, कुणीतरी हजारो चित्रे हाताने काढली होती, हे ज्याला ठाऊक आहे तो शून्यातून सुरुवात करत नाही.